जित्या माणसाचं नाव उडतं

आता कुणी घरी जुन्या लग्नाची सीडी लावली की पोरं हसून लोळतात. गुलाबाच्या फुलातून नवरदेव निघतो, बदामात नवरी गरगर फिरते, आणि नावं तर अशी येतात की कुणी गोफणीतून मारतंय. हसा. ती नावं मी मारलीयत. भाईंदर पश्चिमेला, बाजाराच्या तोंडावर एक फोटो स्टुडिओ होता, त्याच्या मागच्या खोलीत बसून मी कैक वर्षं हेच केलं. लग्नाच्या व्हिडिओला टायटल लावायची. अक्षरं उडवायची, फिरवायची, पेटवायची. मला त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आजपण वाटत नाही. लाज वाटायला थोडी अक्कल लागते, तिथे माझी पहिल्यापासून बोंब.

शाळेचं म्हणाल तर सातवीत मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. माझं स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात मी शाळेतच बघितलं, फळ्यावर, 'बडबड करणारे' या मथळ्याखाली. मॉनिटरच्या छान अक्षरात. मी इतका खूश झालो की पुढच्या तासाला पण बडबड केली, नाव पुसू नये म्हणून. त्यामुळे नाव लिहिलेलं दिसलं की माणसाला काय होतं ते मला शिकवायला लागलं नाही.

स्टुडिओत मी गेलो होतो पासपोर्ट साईज फोटो काढायला. शेठचा कॉम्प्युटरवाला त्याच दिवशी नोकरी सोडून गेला होता आणि शेठ बाहेर काउंटरला डोकं धरून बसला होता. मला म्हणाला, "मराठी टाइप आता है?"

मी म्हटलं, "आता है." मला तेव्हा कॉम्प्युटर चालू कुठून करतात तेपण माहीत नव्हतं. आत जाऊन बसलो, टीव्हीचंच बटण दाबत राहिलो. शेठने येऊन खालच्या डब्याचं बटण दाबलं आणि म्हणाला, "डोबा." तेच माझं अपॉइंटमेंट लेटर.

कीबोर्डवर इंग्लिश अक्षरं छापलेली, स्क्रीनवर निघायची मराठी. दोन्ही मला सारखीच परकी, त्यामुळे गोंधळ झाला नाही. कुठला खिळा ठोकला की 'क' निघतो ते बोटांनी पाठ केलं. आणि मग सॉफ्टवेअरमध्ये ते दुकान उघडलं माझ्यासमोर. अक्षराला आग लावता येते. अक्षर पाण्यात बुडवता येतं. अक्षराला सोन्याचा मुलामा, त्यावर चमक, ती चमक डावीकडून उजवीकडे जाते. मी वेडाच झालो. पहिल्या लग्नात नवऱ्या मुलाचं नाव इतकं फिरवलं की ते वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक म्हणालं, "हे कुणाचं लग्न आहे?" शेठ म्हणाला, "थोडा धीरे घुमा, उसको चक्कर आएगा."

तर असं करत करत आमच्या दुकानाचा एक रिवाज पडला, तो आधी सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यावर आहे.

राई गावातल्या एका लग्नात मी पत्रिकेतली सगळी नावं उडवली. त्यात नवऱ्या मुलाचे वारलेले आजोबापण होते. मला काय, पत्रिकेत नाव आहे, उडव. आजोबा आगीतून आले, तीन गिरक्या मारल्या आणि फुटून त्यांच्या चांदण्या झाल्या. घरातली म्हातारी दुसऱ्या दिवशी दुकानात आली आणि मला म्हणाली, "मेल्या, एकदा जालला व्हता ना आमी त्याला. परत कशाला जाललास?"

त्या दिवसापासून मी ठरवलं, मेलेला माणूस उडणार नाही. त्याचं नाव मध्ये उभं राहणार, बाजूला समई, वरून हार, आणि काही हलणार नाही. समईची ज्योत तेवढी जरा हलायची. उडतो तो जिता, उभा तो गेलेला. लोकांना हे इतकं पटलं की बाजूच्या दुकानांनी उचललं, मीरा रोडपर्यंत गेलं. मुर्धा, राई, मोर्वा, सगळीकडच्या बायका टीव्हीवर समई दिसली की आपोआप हात जोडायच्या. मी आयुष्यात एकच शोध लावला आणि तो माझ्यावरच उलटला.

मुर्ध्यातलं एक लग्न आलं. ऑर्डर द्यायला नवरीचा काका आला. रेती-खडीचा धंदा, पांढरं शर्ट, गळ्यात माझ्या करंगळीएवढी चेन. मिठागरं बुजवून बिल्डिंगी उठत होत्या, त्या सगळ्या खडीत काकाचा हात होता. गावातली निम्मी लग्नं त्याच्या शब्दावर आमच्याकडे यायची, म्हणून शेठ त्याच्यासाठी स्वतः उठून पंखा वाढवायचा. काकाने पत्रिका टाकली टेबलावर.

"पैलं नाव माज्या भावाचं. मोठं. आगीचं लाव ते."

त्याचा भाऊ म्हणजे नवरीचा बाप. त्याच्याखाली पत्रिकेत बारीक अक्षरात 'सौ.' लावून आईचं नाव होतं. मी कॅसेट लावून बघितली. बाप नवा फेटा बांधून मांडवात आला होता, कॅमेऱ्यासमोर छाती काढून उभा राहिला, जेवला आणि गेला. त्याला मी ओळखत नव्हतो. पण आईला बघितलं आणि खुर्चीत सरळ बसलो. ही तर आमची मावशी.

मावशी म्हणजे आमच्या दुकानासमोर बाजारात म्हावरं विकायची ती. माझी आई तिच्याकडूनच बोंबील घ्यायची आणि दोघी भाव करता करता एकमेकींच्या खानदानाचा उद्धार करायच्या. तिच्याबद्दल सगळ्या बाजाराला माहीत होतं. पोरगी रांगत होती तेव्हा नवरा विरारला दुसरीकडे जाऊन राहिला. तो लग्नाच्या दिवसापर्यंत परत फिरकला नाही. पोरीला मावशीने त्याच टोपलीवर वाढवलं, शिकवलं, आणि आता लग्नपण तिनेच लावलं. काकाने फक्त मंडपवाला ओळखीचा दिला आणि पुढची खुर्ची घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी स्टुडिओच्या दारात उभी. आत यायची नाही. शेठ म्हावऱ्याच्या वासाने अगरबत्त्या पेटवायला लागायचा, तिला माहीत होतं. उंबऱ्याबाहेरूनच मला हाक मारली, "ए बोंबलाच्या, हकडं ये."

मी गेलो.

"पोरीच्या लग्नाचा तू करतोस ना? मना एक पायजे. माजं नाव येगलं लाव. त्याच्या खाली न्हाय. मानसांना दिसला पायजे का हिनी पोरगी वाढवली."

शेठने गल्ल्यावरून ऐकलं. "माँजी, पत्रिका में जैसा है वैसा ही आएगा. ऑर्डर जिसने दिया, नाम उसके हिसाब से."

मावशीने शेठकडे बघितलंच नाही. मला म्हणाली, "त्याला इचारला न्हाय मीनी. तुला इचारला. लावशील का न्हाय?"

आता मी हो म्हटलं ते काही फार मोठ्या मनाने नाही. बाजारातल्या आठ-दहा कोळणी बघत होत्या आणि मला त्यांच्यासमोर हिरो व्हायचं होतं. म्हटलं, "मावशी, असं लावतो की गाव बघत बसेल." ते वाक्य मात्र खरं झालं.

शेठ जेवायला गेला की मी मावशीचं नाव करायला घ्यायचो. पहिलंच टाकलं, बापाच्याही आधी. वेगळं, एकटं, अख्खी स्क्रीन. मग प्रश्न पडला, इफेक्ट कुठला? बाप आगीतून येणार, मामा गिरकी घेणार, आत्या फुलपाखरातून. सगळेच उडतायत. मावशी पण उडाली तर तिचं वेगळेपण काय? मी डोकं खाजवलं. मला वाटलं, हिला मान द्यायचा तर ही हलता कामा नये. सगळं जग उडू दे, ही मध्ये उभी. देवळातल्या देवीसारखी. सोन्याचं अक्षर, चारी बाजूंनी गुलाब. तरी काहीतरी कमी वाटत होतं. मान म्हटला की काय येतं? हार येतो. हार टाकला. आणि बाजूला एक समई.

बघून मलाच भरून आलं. स्वतःची पाठ थोपटायला हात पुरत नव्हता म्हणून खुर्चीला टेकून घासली. मी, ज्याने हा रिवाज काढला, तो मी, त्या स्क्रीनकडे बघतोय आणि मला काही म्हणजे काही आठवत नाही. याला हुशारी लागते.

पाचपरतावनाला नवरी-नवरा माहेरी येतात, तेव्हा व्हिडिओ दाखवायचा असं काकाचं फर्मान होतं. संध्याकाळी मावशीच्या अंगणात टेबलावर टीव्ही ठेवला, मुर्ध्यातलं निम्मं गाव जमलं. नवीन जावई, त्याची माणसं, पुढे खुर्च्यांवर. काका मधोमध. मावशी खाली चटईवर बायकांत, नवीन हिरवं लुगडं, डोक्यात आबोली. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मी हातानेच खुणावलं, बघ आता. सीडी टाकली आणि प्लेअरजवळ उभा राहिलो, टाळ्या घ्यायला.

पहिलंच नाव आलं. सोन्याचं. स्थिर. हार. समईची ज्योत हळूहळू हलतेय.

अंगणात एकेक हात जोडले जायला लागले. सवयीने. मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "कवा गेली?"

बाजूची बाई म्हणाली, "सकाली तर बाजारात व्हती."

जावयाची आई डोळ्याला पदर लावून नवरीच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, नवरी तिचा हात झटकतेय आणि "आई इथे बसलीय, आई इथे बसलीय" सांगतेय. मी अजून टाळ्यांची वाट बघतोय.

आणि तेवढ्यात पुढचं नाव. धाडकन आग लागली, आगीतून बाप आला, गिरकी, चमक, डावीकडून उजवीकडे. बायको-पोरीला टाकून गेलेला माणूस असा थाटात आला आणि जिने सगळं केलं ती समईजवळ हार घालून बसलेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तोपण समईएवढाच.

काका पहिला हसला. मांडीवर थाप मारून. "वयनी, तुमाला पोचवला का पोरानी." मग सगळं अंगण हसलं. जावयाच्या घरचेपण.

मावशी उठली. चटईवरून सरळ टीव्हीसमोर येऊन उभी राहिली, तिच्या नवऱ्याच्या आगीच्या पुढ्यात. मला वाटलं आता टोपलीतला कोयता निघतो. ती लोकांना म्हणाली, "बगा नीट. जिती हाय मी. उद्या बाजारात पन हाय." मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "तुजं काम सपला न्हाय अजून."

एवढं बोलून ती चुलीकडे गेली, सगळ्यांना वाढायला. मलापण वाढलं. रस्सा इतका तिखट होता की मी रडलो तरी कुणाला वेगळं वाटलं नसतं, म्हणून रडून घेतलं.

सकाळी शेठने दुकान उघडायच्या आधी काकाचा फोन येऊन गेला होता. शेठ म्हणाला, "बुढ्ढी का टायटल निकाल. पत्रिका जैसा कर. बाप पहला. नहीं तो तू अपना रास्ता देख, और मुर्धा का धंधा मैं देखूँ कैसे बचता है." गावात सीडी वाटायच्या होत्या, जावयाकडे, मामाकडे, उत्तनला, वसईला. जे त्या सीडीत असेल ते कायमचं. मावशी मेलेली राहील नाहीतर 'सौ.' म्हणून बारीक अक्षरात राहील, दोनच रस्ते दिसत होते.

मी काय उत्तर देणार त्याच्या आधी दारातून टोपली आत आली. टोपलीमागे मावशी. उंबरा ओलांडून, सरळ मागच्या खोलीत, माझ्या खुर्चीवर बसली. शेठने नाकाला रुमाल लावला. ती म्हणाली, "शेट, अगरबत्ती लाव, मी बसनार हाय." मला म्हणाली, "उबा काय रातोस? बस त्या पत्र्याच्या डब्यावर आनि चालू कर."

शेठ म्हणाला, "बाप का नाम पहला आएगा, बस. मैंने बोल दिया."

"पैला राहू दे त्याचा," मावशी म्हणाली. "मना पैला नंबर नको. काल रातभर इचार केला. माजं नाव येगलं, आनि मना उडव. त्याला जसा उडवलास तसा. जास्त."

शेठला यात हरकत घ्यायला जागा मिळेना. पत्रिकेत कोण उडणार ते लिहिलेलं नसतं. तो बाहेर जाऊन बसला.

मी डब्यावर, ती खुर्चीवर. मी एकेक इफेक्ट दाखवायचो, ती नाक मुरडायची. फुलपाखरं नको, "मी काय बालवाडीत हाय?" गुलाब नको. पाण्यातून निघणारं अक्षर दाखवलं तर पुढे सरकली. "हा. पन असा नको, मेल्यासारखा तरंगत. जालं वर वढतात तसा. वजन पायजे त्याला." आम्ही ते नाव जाळ्यासारखं पाण्यातून ओढलं. खालून हळूहळू, दोन्ही टोकांनी जड, थेंब गळतायत. वर आल्यावर त्याला आग लावली. पाण्यातून आलेल्या अक्षराला आग लागत नाही, एवढं मलापण कळतं. तिला सांगितलं तर म्हणाली, "लाव. मी पेटलेली हाय." मग गिरकी. मग चमक, डावीकडून उजवीकडे आणि परत उजवीकडून डावीकडे, कारण तिने सांगितलं, "येकदाच का? मी रोज जाते आनि येते."

एवढं घाणेरडं टायटल मी आयुष्यात केलेलं नाही. आजचे डिझाइनवाले बघतील तर त्यांना ताप येईल. मला ते अजून आवडतं.

मग राहिला बाप. त्याचं आगीचं तयारच होतं. ती स्क्रीनकडे बघत बसली. म्हणाली, "हा कशाला उडतो?"

मी म्हटलं, "जिता आहे ना मावशी."

"जिता हाय. पन हलायचं कारन काय त्याला? उबा कर."

माझा हात माऊसवर थांबला. म्हटलं, "मावशी, उभं म्हणजे लोक काय समजतील माहितीय ना. काल बघितलंस तू."

"म्हनून तर सांगते."

"समई पण लावू?"

तिने माझ्या पाठीत एक दिली. "समई न्हाय. हार न्हाय. माजं कुंकू हाय कपालाला."

मला राहवलं नाही. "एवढं आहे तर कुंकू कशाला लावतेस त्याचं?"

"त्याचं कुटं? मीनी इकत आनलाय. मीच लावनार." मग स्क्रीनवर बोट टेकवलं, बोटाचा ओला ठसा राहिला काचेवर. "नुसता उबा ठेव त्याला. मोठा ठेव. पैला ठेव. हलवू नको."

मी त्याला उभा केला. मोठा, पांढरा, साधा. आग काढली, चमक काढली, गिरकी काढली. तो तिथे नुसता होता. रेंडरला, म्हणजे व्हिडिओ पक्का बनायला लावलं आणि आम्ही दोघं चहा प्यायलो, शेठच्या खात्यावर.

काका सीड्या घ्यायला आला तेव्हा मावशी बाहेर तिच्या जागेवर बसलेली, आमच्या दाराकडे तोंड करून. शेठने काउंटरच्या टीव्हीवर लावून दाखवलं. भावाचं नाव पहिलं आलं, मोठं, स्वच्छ. काकाची मान हलली. ठीक. तो थांबला, आता आग येईल म्हणून. आली नाही. नाव नुसतं उभं. काकाचा चेहरा हळूहळू बदलला. भाऊ निघून गेला आणि मग पाणी उसळलं, मावशी वर आली, पेटली, फिरली, दोनदा चमकली, आणि जायचं नावच घेईना. मी तिला जरा जास्तच ठेवली होती.

"हा हलत का न्हाय?" काका म्हणाला.

मी तोंड उघडलं, पण बाहेरून मावशीनेच उत्तर दिलं. सुरमई कापता कापता, वर न बघता. "तो कवा हलला घरासाठी?"

बाजारातल्या बायका हसल्या. काका शेठकडे वळला. मला वाटलं, आपलं झालं, आता रस्ता बघायला लागा. शेठने पत्रिका उचलली, चष्मा लावला, नीट वाचली. "पहला बाप का नाम. है. बड़ा बोला था. बड़ा है. और क्या लिखा है इसमें?" पत्रिका काकापुढे धरली. काकाला काय म्हणायचं होतं ते तोंडाने म्हणता येण्यासारखं नव्हतं. माझ्या भावाला मेल्यासारखा दाखवला, असं भर बाजारात बोलायचं तर कुणी ना कुणी विचारणार, समई कुठाय? त्याने सीड्या उचलल्या आणि टेम्पोत बसला.

मुर्ध्याची लग्नं पुढच्या सीझनला दुसऱ्या दुकानात गेली. शेठने मला काढलं नाही, पण मागच्या खोलीतला पंखा काढला. म्हणाला, "तू आग बहुत लगाता है, गर्मी तेरे को सहन होएगी." मी घाम गाळत अक्षरं उडवत राहिलो. पुढे बाजारातली एखादी बाई पोराच्या लग्नाची पत्रिका घेऊन यायची आणि आधी विचारायची, "तिला उडवली तसा मना पन उडवशील?" मी काय नाही म्हणणार?

मावशीच्या घरी सीडी प्लेअर नव्हता. त्या दिवशी अंगणात होता तो भाड्याचा. म्हणून म्हावरं संपलं की ती आमच्या दारात यायची, टोपली उंबऱ्याबाहेर, आणि म्हणायची, "लाव जरा." मी लावायचो. नवऱ्याचं नाव यायचं तेव्हा ती पदराने हात पुसायची. मग पाण्यातून तिचं यायचं, तिथपर्यंत बघायची. ते पेटून, फिरून जागेवर बसलं की टोपली उचलून निघायची. पुढे लग्न सुरू व्हायचं, मी म्हणायचो, "अगं थांब, पोरीचं लग्न तर बघ."

ती म्हणायची, "त्ये बगलाय मीनी. मीच लावला व्हता."